मांडूच्या चिंचेची ब्राउन एल

देवासात घरच्या घरी ब्राउन एल बनवणारा पहिला माणूस मीच! हे अर्थात अंदाजाने सांगतोय. दुसरा कोणी असलाच, तर तोही माझ्यासारखाच लपूनछपून बनवत असणार.

ब्राउन एल म्हणजे बीअरच, पण तपकिरी. भाजलेल्या जवाची, पावाच्या करपलेल्या कडेसारख्या चवीची. रेसिपी मात्र सर्वस्वी माझी! इंटरनेटवरची मंडळी तिच्यात चेरी घालतात, रासबेरी घालतात. आमच्याकडे कुठली आलीय रासबेरी? म्हटलं, बीअर माळव्याची, तर फळही माळव्याचंच हवं. जांभळाला अजून दोन महिने अवकाश होता. मग धारहून मांडूची चिंच मागवली. ही आपली आमटीतली चिंच नव्हे. मखमली हिरव्या कवचाचं नारळाएवढं फळ असतं आणि आत खडूसारखा पांढरा, आंबट गर.

वहीत सगळं नीट लिहून काढलं. लोहारदा गावचे तीन किलो जव भिजवून, मोड आणून, वाळवून कढईत भाजले. कढई माझ्या बायकोची, माधवीची. तिचं त्यावरचं मत वहीत लिहिलेलं नाही. हॉप्स नावाची कडू फुलं आणि दारू आंबवणारं यीस्ट पार्सलने आलं. प्रश्न होता चिंचेचा. उकळताना घातली तर वास उडून जाणार, उशिरा घातली तर आंबटपणा डोक्यावर बसणार! आठ दिवस विचार करून ठरवलं, दोनशे ग्रॅम, यीस्टच्या जोडीने. लग्न ठरवतानाही मी एवढा विचार केला नव्हता.

अडचण एकच होती, भवानीआत्या. "या घरात दारू आली, की त्याच दिवशी मी धारला लेकीकडे निघाले," असं तिने मला बजावून ठेवलेलं होतं. आणि आत्या बोलते ते करते. पंचवीस वर्षांपूर्वी एकदा चहावरून वाद झाला, तेव्हा "साखर सोडली" म्हणाली. अजून तिच्या चहात साखर पडलेली नाही! थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मी सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला हिनेच वाढवलं. आत्या नसलेलं घर मला नको आहे.

"मग हे करताच कशाला?" माधवीने विचारलं.

"अगं, ती दारूला म्हणते. ही कला आहे!"

माधवी कढई घासत होती. ती जरा जोरात घासू लागली.

बारा लिटरचं स्टीलचं पिंप मागच्या खोलीत ठेवलं. झाकणातून नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली. तेवढ्यात आत्या दारात!

"शार्दूला, हे काय रे मांडलंस?"

"सरबत, आत्या. मांडूच्या चिंचेचं. आठ दिवस मुरवायचं असतं."

"सरबत मुरवतात होय?"

"नवीन पद्धत आहे."

"असेल बाबा. हल्ली लोक कॉफीसुद्धा बर्फात घालून पितात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत गुडगुड बुडबुडे! मी कारखान्यात नाचतच गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर सगळं शांत. पिंपाला हात लावला तर कोमट. तिसऱ्या दिवशीही तेच. माझा कारखान्यातला दोस्त धीरज याला विचारलं. त्याला या विषयातलं काही कळत नाही, म्हणून त्याच्याशी बोलायला बरं वाटतं.

"भिया, शांत हो गई मतलब अंदर पक रही है," तो म्हणाला. "और गरम है, तो फुल ताकद आ रही है!"

आंबताना उष्णता निघते, असं मीही कुठेतरी वाचलं होतं. झाकण उघडायचं नाही, असं वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं. मी नियमाचा पक्का. रोज कोमट पिंपावर हात फिरवायचा आणि समाधानाने झोपायचं, असा आठवडा गेला.

आठवा दिवस शुक्रवारचा. त्याच दिवशी आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू. हळदीकुंकू माधवीचं, पण कारभार सगळा आत्याचा. मला वाटलं, बरंच झालं! बायका पुढच्या खोलीत, आत्या स्वयंपाकघरात, आणि आम्ही दोघे मागच्या दाराने गुपचूप आत. धीरज तर स्वतःचा ग्लास घेऊन आला होता.

मागची खोली उघडली. पिंपाच्या जागी जमिनीवर नुसता गोल डाग!

मी स्वयंपाकघरात धावलो. पिंप ओट्यावर, झाकण उघडं, आणि आत्या डावाने शेवटचे ग्लास भरून वर जिरेपूड भुरभुरवत होती.

"आलास? अरे, पन्हं संपलं! पंचवीस बायका म्हणता म्हणता बेचाळीस आल्या. मग तुझं सरबत काढलं. दोन-दोनदा मागताहेत!"

मी पुढच्या खोलीत डोकावलो. माधवीच्या शाळेच्या मोठ्या बाई, सावित्रीबाई, ज्यांना हसताना देवासात कोणी पाहिलेलं नाही, त्या उखाणा घेत होत्या! आणि तो संपताच कोणी न सांगता दुसरा! एक आजीबाई उठताना चांगल्याच डोलल्या. त्यांचे गुडघे गेलेत हे मला तेव्हा कुठलं आठवायला! तिसरी पदराने वारा घेत "अगबाई, काय गरम होतंय" म्हणत होती. एप्रिलच्या दुपारी तिला दुसरं काय व्हायचं होतं? पण चोराच्या मनाला सगळीकडे पुरावाच दिसतो.

"भिया," धीरज कानात कुजबुजला, "बाहर ग्यारह स्कूटी खडी हैं."

तेव्हा मात्र राहवलं नाही. आत्या गेली तरी चालेल, पण कोणाचा हातपाय मोडायला नको. मी ओरडलो, "कोणीही स्कूटी चालवू नका! ते सरबत नाही, बीअर आहे! मी घरी बनवलीय!"

माधवीने डोळे मिटून घेतले.

"तरीच मघापासून मला हलकं हलकं वाटतंय!" सावित्रीबाई म्हणाल्या आणि भिंत धरून खाली बसल्या. मिनिटाभरात आणखी सहाजणींना घेरी आली.

हातात डाव घेऊन आत्या दारात उभी राहिली. मी तिचे पायच धरले. "आत्या, मी खोटं बोललो. चुकलो. पण धारला जाऊ नकोस."

"म्हणजे यात दारू होती?"

"पाच टक्के."

"कशी असेल? दुसऱ्याच दिवशी दुपारी बघते तर हा फेस! म्हटलं, पोराने एवढ्या हौसेनं केलंय आणि उन्हाने नासतंय. पिंप गॅसवर चढवलं आणि चांगलं उकळून काढलं. तेव्हापासून दुधासारखी रोज एक उकळी देतेय."

"उकळलीस?"

"खळखळा."

"रोज?"

"रोज! न चुकता."

खोलीभर सुस्कारे सुटले. सावित्रीबाईंची घेरी तिथल्या तिथे उतरली. त्यांनी आणखी अर्धा ग्लास मागितला. मी मात्र जमिनीवरच बसून राहिलो. यीस्ट पहिल्याच उकळीत मेलं होतं! त्यानंतर सहा दिवस मी सरबताच्या पिंपावर हात फिरवत होतो.

आत्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "शार्दूला, तू माफी मागतोयस की सुतक पाळतोयस?"

बायका खो खो हसल्या. धीरजने चव घेतली, ओठ पुसले आणि म्हणाला, "भिया, शरबत तो एक नंबर है!" इतकं लागेल असं मला आजवर कोणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी आत्याच्या खोलीत गेलो, तर ती पिशवीत लुगडी भरत होती.

"आत्या, परत नाही करणार."

"करशील. तोंडावर लिहिलंय तुझ्या. आत्तासुद्धा मनात म्हणतोयस, पुढच्या खेपेला चिंच जरा कमी."

खरं सांगायचं तर मी दीडशे ग्रॅमवर आलो होतो. मी मान खाली घातली.

मग ती एकेक लुगडं काढून परत कपाटात ठेवायला लागली.

"म्हणजे तू जात नाहीस?"

"जाऊन कसं चालेल? पुढच्या खेपेला उकळणार कोण?"

मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर बेचाळीस ग्लास पडले होते. निमूटपणे विसळायला घेतले.