गंगाक्काची चौथी टाचणी

गंगाक्का टाचण्या डबीत ठेवत नसे, तोंडात ठेवी. आमच्या आळीतल्या बायकांचे झंपर ती शिवायची. अंगावर घालून बघताना ओठांत चार टाचण्या धरायची आणि दातांतूनच बोलायची. "पोट आत घे. न्हाई जात? मग कापड जास्त लागंल की." टाचण्या तोंडात असताना ती जरा बरी बोले. काढल्यावर ऐकवत नसे.

तिच्या ओट्यावर कुणी टेकलं की लगेच विचारी, "घरात काम न्हाई व्हय?" त्यामुळे बायका झंपर घेऊन उभ्या उभ्याच परत जात.

एकदा शेजारच्या सुलोचनाबाई म्हणाल्या, "अक्का, मागचा झंपर काखेत लई काचतो." अक्काने उत्तर द्यायला मोठा श्वास घेतला. तीन टाचण्या जमिनीवर पडल्या, चौथी आत गेली.

आळी जमली. कुणी केळी आणली, कुणी भाताचे गोळे. सहा केळी खाऊन अक्का म्हणाली, "पिकलेली न्हाईत." शेवटी मीच तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

तिथे छातीचा फोटो काढला. टाचणी अन्ननळीत तिरकी रुतली होती. अक्काने फोटो उजेडाकडे धरला. "बघा, कशी सरळ हाय. वाकडी मी वापरत न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "भूल देऊन नळी घालू, चिमट्याने काढू. उशीर केला तर भोक पडेल. जिवावरचं काम आहे, बाई."

"भूल नको. तशीच काढा. मी हलत न्हाई."

डॉक्टर चिडून बाहेर गेले. अक्काने माझा पदर ओढला. "भुलीत माणूस बडबडतं म्हणं."

"मग बडबडा की."

"तुला काय हाय. तुझ्या पोटात काय असतंय बोलायला?"

पण थुंकीही गिळवेना, तेव्हा ती कबूल झाली. अट एकच, शुद्धीवर येताना जवळ फक्त मी बसायचं. "तू मुखदुर्बळ हायस," ती म्हणाली, "तेवढाच तुझा उपेग."

टाचणी निघाली. अक्काला खाटेवर आणून निजवलं. जरा वेळाने ती डोळे मिटूनच पुटपुटू लागली. मी कान दिला. खरं सांगते, मला वाटलं, सुलोचनाबाईंच्या काखेबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल.

"बस की गं," ती म्हणत होती. "आत्ता तर आलीस. च्या टाकते." मग अगदी हळू, मनधरणी केल्यासारखं, "झंपर ऱ्हाऊ दे. नुसतीच ये की."

डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न, "काय बोलले मी?"

"काही नाही, अक्का. घोरत होतात."

तिने माझं तोंड निरखून पाहिलं. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. मी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.