एकादशीला देवळाशिवाय कुठेही न गेलेली मोटार

मनुष्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत. पण बोलणारा मनुष्य पेटी वाजवत असेल तर ठेवावा, याबद्दल भाईंदरात एकमत आहे. पेटी वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात. तेवढा वेळ तरी तो कोणाच्या खिशात जाऊ शकत नाही, अशी त्यामागची शास्त्रीय भूमिका.

कमळाकररावांनी मोटार घेतली ती याच भूमिकेवर.

कमळाकरराव विमा कचेरीत होते. चार वर्षांपूर्वी, म्हणजे नव्वद साली, गिरगावची खोली सोडून ते मिरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आले. गळ्यात तुळशीची माळ, कीर्तनाचा नाद, आणि खोटं बोलत नाहीत अशी ख्याती. ही ख्याती त्यांनी कष्टाने राखली होती. नको त्या माणसाचा फोन आला की ते आधी जिन्यात जाऊन उभे राहायचे आणि मग पत्नी गिरिजाबाईंनी "घरात नाहीत" असं सांगायचं. सत्याची इतकी काळजी घेणारा गृहस्थ इमारतीत दुसरा नव्हता.

त्या वर्षी कीर्तन मंडळाने ठराव केला की रामनवमीच्या सप्ताहाला ठाण्याहून येणारे ईश्वरबुवा रिक्षाने येणार नाहीत. (मागल्या वर्षी रिक्षा वरसाव्याला बंद पडली आणि बुवा आले तेव्हा रामजन्म होऊन सुंठवडाही संपला होता.) बुवांना आणण्याची जबाबदारी कमळाकररावांनी भर सभेत स्वतःच्या शिरावर घेतली. मोटार नसताना घेतली, हा भक्तीचा भाग.

मंडळाचे पेटीवादक दाजी. एका कीर्तनात पूर्वरंग संपला, त्या दिवशीच्या बुवांना हार घातला, बुक्का लावून झाला, आणि त्या मधल्या वेळात सूर धरून ठेवता ठेवता दाजी हळूच म्हणाले, "कमळाकरराव, मोटार विकायला काढतोय. बाहेर द्यायचं मनात नाही. एकादशीला या गाडीने देवळाशिवाय दुसरा रस्ता पाहिलेला नाही."

कमळाकररावांनी बसल्या जागी हात जोडले. मोटारीने एकादशी करावी, हे त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं.

गाडी चालवून पाहायची तर संध्याकाळी, आणि तीही मुर्ध्याच्या रस्त्याला, असा दाजींचा आग्रह होता. तिकडे रहदारी कमी. दुतर्फा बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, खाडीवरून वारा सुटलेला. मागच्या सीटवर गिरिजाबाईंनी नाकाला पदर लावला.

"अहो, वास येतोय."

"अगं, मुर्धा आहे. इथे काय अत्तर येणार?"

बेव्हर्ली पार्कात परतल्यावर त्या म्हणाल्या, "अजून येतोय."

"खाडी," कमळाकरराव म्हणाले.

इथे थोडा खुलासा हवा. शहरातून येऊन इकडे वसलेल्या कुटुंबांत शंभरातले अठ्ठ्याण्णव वास खाडीच्या नावावर जमा होतात (उरलेले दोन शेजाऱ्यांच्या). लागलेली आमटी, तुंबलेलं गटार, पाहुण्यांचे मोजे, सगळं खाडी. तळमजल्यावर गॅसची नळी गळत होती तेव्हा अख्खी इमारत दोन दिवस भरती-ओहोटीचं गणित मांडत बसली होती. नाकाला इतकी शिस्त लागलेला समाज महाराष्ट्रात अन्यत्र आढळत नाही.

व्यवहार झाला. कमळाकररावांनी 'गाडी पाहून व चालवून समाधान झाले' असं लिहून सही केली, नारळ फोडला, आरशाला माळ अडकवली.

मग चैत्राचं ऊन पडलं. सकाळी दहाला गाडीवर एक मांजर, अकराला चार. बाराच्या सुमारास बेव्हर्ली पार्कातला समस्त मार्जारवर्ग टपावर, बॉनेटवर आणि विशेषतः डिकीवर, श्रोत्यांनी बसावं तसा दाटीवाटीने बसला. गिरिजाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "खाडी आज आपल्या डिकीत आलीये का, बघून या."

डिकीत, स्टेपनीच्या खाली, एक वाळून गेलेला बोंबील निघाला. माळकऱ्याच्या मोटारीत.

कमळाकरराव तडक दाजींकडे गेले. दाजी पेटीचा भाता दुरुस्त करत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी खोटं बोललो का?" त्यांनी विचारलं. "एकादशीला मासळीला गिऱ्हाईक नसतं. त्या दिवशी गाडी देवळात. बाकीचे दिवस मेहुणा न्यायचा, मुर्ध्याहून बाजारात. बाकीच्या दिवसांचं तुम्ही विचारलंत कुठे?"

"विचारायला हवं होतं?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. माळ माझ्याही गळ्यात आहे."

दाजींचा मेहुणा शिवा ओट्यावरच बसला होता. तो दुखावला. "आमच्या मासळीला वास न्हाय, शेठ. वास हाय तो बर्फाच्या पाण्याचा. मासळी एकदम ताजी व्हती."

फसवणूक करून विकलेल्या मोटारीबाबत नागरिकाला कायद्याने अनेक मार्ग मोकळे ठेवले आहेत, आणि ते मोकळेच राहावेत अशी चोख व्यवस्थाही केली आहे.

पहिला मार्ग पोलिसांचा. चौकीतले हवालदार सज्जन होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "साहेब, फसवणूक म्हणजे मुद्देमाल लागतो. बोंबील कुठाय?" बोंबील मांजरांनी नेला होता. "मग वासाचा पंचनामा कसा करू? पंचांना सर्दी असली तर केस पडते. तुम्ही दिवाणीत जा."

दुसरा मार्ग ग्राहक मंचाचा. त्यासाठी कमळाकररावांनी दुसऱ्या मजल्यावरच्या हेमाली वकिलांचा सल्ला घेतला. हेमाली मूळची भाईंदरची, गुजराती घरातली. मराठी फर्डं बोलायची.

"काका, दाजींचा गाड्यांचा धंदा आहे?"

"नाही. एकच होती."

"मग मंचात नाही जमणार. दुकानदाराने फसवलं तर तुम्ही ग्राहक. ओळखीच्या माणसाने फसवलं तर तुम्ही फक्त ओळखीचे."

तिसरा मार्ग करार मोडून गाडी परत करण्याचा. खोट्या माहितीवर झालेला करार मोडता येतो, हे हेमालीने पुस्तक काढून वाचून दाखवलं. कमळाकररावांचा चेहरा उजळला. मग तिने पुढची ओळ वाचली: घेणाऱ्याला साध्या तपासणीने खरं कळण्यासारखं असेल, तर मोडता येत नाही.

"साधी तपासणी म्हणजे?"

"नाक, काका. तुमच्याकडे होतं ना?"

"होतं. पण आम्हाला वाटलं खाडी."

"कोर्टात खाडीला पार्टी करता येत नाही," हेमाली म्हणाली. "आणि दाजी खोटं बोलले हे कसं दाखवणार? अर्धंच सांगितलं, पण जे सांगितलं ते खरं. दिवाणी दावा लावू, लढू. निकाल लागेपर्यंत एकतर वास जाईल, नाहीतर आपण."

रामनवमी तोंडावर आली. कमळाकररावांना झोप लागेना. गाडी नेली नाही तर दिलेला शब्द जातो. नेली तर माळकऱ्याच्या मोटारीला मासळीचा वास, ही वार्ता सप्ताहभर देवळात फिरणार. गिरिजाबाईंनी सोडा, लिंबू, चुना, धूप असे सर्व घरगुती मार्ग चोखाळले. त्यानंतर गाडीला देवळात बोंबील तळल्यासारखा वास येऊ लागला.

ठरल्या दिवशी कमळाकरराव गाडी घेऊन ठाण्याला गेलेच. बुवा मागे बसले. घोडबंदर रस्त्याला त्यांनी काच खाली केली. वरसाव्याला डोळे मिटले. कमळाकरराव आरशातून त्यांच्याकडे पाहत रामनाम घेत होते.

"खाडी का हो?" बुवांनी विचारलं.

खाडी अगदी समोर होती. कमळाकररावांनी तिच्याकडे फक्त बोट दाखवलं. बोट खोटं बोलत नाही.

त्या दिवशी रामजन्माचं आख्यान लावलेलं. पण रंगात आलेल्या बुवांना मध्येच एक दृष्टान्त सुचला: होडी वल्हवणारी ती मुलगी, अंगाला मासळीचा वास, आणि ऋषीच्या वराने त्याच वासाचा झालेला योजनभर दरवळ. "श्रोतेहो, आज येता येता मला ती कथा प्रत्यक्ष भेटली," असं म्हणून बुवांनी हात जोडले. सभा गहिवरली. दाजींची बोटं पेटीवर क्षणभर अडखळली, आणि मग त्यांनी वरचा सूर धरला.

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईंनी चहा पुढे ठेवला. "विका ती गाडी. पण खरं सांगून विका. माळ घातलीये तुम्ही."

"सांगणार. विचारलं की सांगणार."

"आणि नाही विचारलं तर?"

कमळाकररावांनी चहा घेतला. बराच वेळ घेतला.

घ्यायला आला तो कौस्तुभ, नुकताच परळहून शांतपणासाठी इकडे आलेला, बायको गरोदर, म्हणून गाडी हवी. मुलगा इतका सरळ होता की पाहून भीती वाटावी. "आमच्या या गाडीतून प्रत्यक्ष बुवा आलेत," कमळाकरराव म्हणाले. हे सत्य होतं. चालवून पाहायला ते त्याला संध्याकाळी मुर्ध्याच्या रस्त्याला घेऊन गेले. तिकडे रहदारी कमी.

वारा सुटला होता. कौस्तुभने नाक ओढलं. "काका, हा जो वास येतोय..."

कमळाकररावांचा हात माळेवर गेला. तोंड उघडलं. बोंबील, शिवा, मांजरं, सगळं जिभेवर आलं.

"खाडी ना?" कौस्तुभच म्हणाला. "होते सवय हळूहळू."

इथे कथा क्षणभर थांबवावी लागते. कमळाकररावांचं तोंड अजून उघडं आहे. शेजारी तो सरळ मुलगा आहे, घरी गिरिजाबाई वाट पाहताहेत, गळ्यात माळ आहे. आणि वाचकहो, नेमक्या याच क्षणी तुम्ही मनात म्हणालात, 'गप्प बसा हो आता, सुटाल.'

कमळाकररावांनी तोंड मिटलं.

चुकीच्या कामाला उत्तेजन देणाऱ्यालाही कायद्याने जागा राखून ठेवलेली आहे, असं हेमालीचं म्हणणं. पण तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. विचारलं, तर मात्र खरं सांगा.