चाळीस फेरे

विमान उडवता येणाऱ्या माणसाला माणसांत वागता येतंच असं नाही, हे अकिलिना नौमॉफला त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता कळलं. कोडियाक बेटावरच्या शहरात, धावपट्टीजवळ पिठाच्या पोत्यावर ती बसली होती. नवा पायलट आला. त्यानं टोपी काढली नाही, तब्येत विचारली नाही. हातातल्या पाटीकडे बघत सरळ म्हणाला, "वजन?"

"कुणाचं? पिठाचं?"

"तुमचं."

एकाहत्तर वर्षांची बाई, चार मुलं, अकरा नातवंडं, साऱ्या बेटावर लहानथोर जिला 'एमा' म्हणजे आजी म्हणून हाक मारतात, तिला हा प्रश्न! आणि तोही चारचौघांत! अकिलिनानं शाल सारखी केली आणि सांगितलं, "एकशे तीस पौंड." वीस वर्षांपूर्वीही तिनं हाच आकडा सांगितला होता, आणि दिलेला शब्द फिरवायची तिची रीत नव्हती.

तिच्यामागे तिची नणंद परास्कोव्या उभी होती. "एकशे साठ," ती न विचारताच म्हणाली. "कालच दवाखान्यात मोजलं. बूट काढून."

पायलटनं पाटीवर बेरीज केली आणि डोकं खाजवलं. "शेपटीकडे सामान जास्त झालंय. जड माणूस पुढे हवं. तुम्ही माझ्याशेजारी बसा," तो परास्कोव्याला म्हणाला. "आणि एकशे तीसवाल्या बाई, तुम्ही मागे."

अकिलिनाचं खरं वजन एकशे पंचाहत्तर होतं. खरं बोलली असती तर जागा तिचीच होती. पण त्या जागेसाठी खरं बोलायची पाळी तिच्यावर आजवर आलीच नव्हती.

ही जागा म्हणजे काय, ते सांगायला हवं. शहरातून अकिलिनाच्या गावाला जाणारं विमान पाण्यावरही उतरायचं आणि जमिनीवरही. कारखान्यानं त्याला एका पाणपक्ष्याचं नाव दिलं होतं, म्हणून गावात सगळे त्याला हंसीण म्हणत. पोट होडीचं, पंख विमानाचे, पाय दोन्ही कुशीत दुमडलेले. युद्धाच्या काळात बांधलेली. ठिगळं इतकी, की मूळचा पत्रा कुठला हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. रोज सकाळी तिच्या पोटातलं पाणी पंपानं उपसावं लागे. इंजिनं सुरू होताना असा काही धूर सोडत की नवखा माणूस क्रूसाची खूण करून खाली उतरायचा. पण एकदा उडाली की उडाली. अकिलिनाची धाकटी लेक पोटात असताना हंसिणीनंच दोघींना दवाखान्यात नेलं, आणि लेक कडेवर आल्यावर परत आणलं. चर्चची घंटा तिनं आणली, बिशपना आणलं, एकदा जिवंत डुकरीणही आणली. आणि दोन वर्षांपूर्वी अकिलिनाच्या नवऱ्याला शेवटचं घरी आणलं ते हिनंच. पेटी तिरकी ठेवावी लागली, कारण माणूस उंच होता.

त्या दिवशीही चाकं अकिलिनानंच वर घेतली होती.

कारण हंसिणीची चाकं हातानं वर घ्यावी लागत. पायलटची खुर्ची आणि उजवीकडची रिकामी खुर्ची, यांच्या मधोमध एक हँडल होतं. धावपट्टीवरून उडाल्यावर ते चाळीस वेळा फिरवलं की चाकं कुशीत जात, आणि मग पाण्यावर खुशाल उतरावं. चाकं लोंबती ठेवून पाण्यावर उतरलं तर हंसीण नाकावर कोलांटी खाणार आणि आतली माणसं मासे मोजायला जाणार. आधीचा पायलट म्हातारा टॉरवाल्ड, त्याचा उजवा खांदा कामातून गेलेला. तेव्हा अठरा वर्षं ती उजवीकडची खुर्ची आणि ते हँडल अकिलिनाकडे होतं. ती शाळेत गेली होती दोन हिवाळे. आकडे विसापुढे गेले की एकमेकांत मिसळत. पण चर्चमधल्या प्रार्थनेत 'प्रभू, दया कर' चाळीस वेळा म्हणतात, आणि त्यातला कितवा चाललाय ते ती झोपेतही सांगे. एका फेऱ्याला एक 'प्रभू, दया कर'. चाळीस संपले की चाकं वर. विमान बांधणाऱ्यांनी चर्चला विचारूनच हा आकडा ठरवला असणार, असं तिचं ठाम मत होतं.

गावात म्हाताऱ्या सात होत्या. विमानाची चाकं वर घेणारी एकच. ती खुर्ची गेली असती तर सातांतली एक होऊन उरायचं, आणि ते अकिलिनाला या जन्मी जमणारं नव्हतं.

"हे बघ बाळा," ती पायलटला म्हणाली, "हँडल कोण फिरवणार?"

"मीच. प्रवाशांनी कशालाही हात लावायचा नाही. नियम आहे."

"नाव काय तुझं?"

"वॉरेन टटल."

"कुठला?"

"ओहायोचा."

"तिकडे समुद्र किती लांब?"

वॉरेन पुन्हा पाटीकडे बघू लागला. समुद्र फारच लांब होता.

शेवटी परास्कोव्या पुढे बसली, सणाला सजल्यासारखी, मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन. ईस्टर आठ दिवसांवर होता. अकिलिना तिच्या बरोबर मागे. पलीकडे चर्चमध्ये प्रार्थना वाचणारा इनोकेंती, आणि शेपटीकडे दोन कोळी, बसल्या बसल्या झोपलेले. हंसीण खोकली, थरथरली, धावली आणि उडाली. वॉरेननं रेडिओवर निघाल्याचं कळवलं आणि हातातला माईक बाजूच्या आकड्याला अडकवला. आकडा सैल होता. माईक घसरला तो परास्कोव्याच्या खुर्चीत, आणि तिनं नीट बसण्यासाठी म्हणून जे अंग हलवलं, ते नेमकं त्याच्या बटणावर टेकलं.

हे विमानात कुणालाच कळलं नाही. बाहेर मात्र सगळ्यांना कळलं. हंसीण कुठवर आली ते समजावं म्हणून गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आणि समुद्रावरच्या प्रत्येक होडीत रेडिओ सुरू असायचा. बटण दाबलेलं राहिलं की आतलं सगळं बाहेर ऐकू जातं, आणि बाहेरच्यांना मात्र आत एक शब्दही सांगता येत नाही.

वॉरेननं हँडल फिरवायला घेतलं. "एक, दोन, तीन..."

अकिलिनानं ओठ घट्ट मिटून ठेवले होते. पण अठरा वर्षांची सवय. "प्रभू, दया कर," तिच्या तोंडून निघालंच. "प्रभू, दया कर. प्रभू, दया कर."

हे शब्द कानांवर पडले की इनोकेंतीचं तोंड आपोआप सुरू होई. त्याला तो काय करणार? त्याचा आवाज खणखणीत. त्यानं शेपटीकडचे कोळी दचकून जागे झाले. बघतात तो सारं विमान देवाचा धावा करतंय. त्यांनी झटकन टोप्या काढल्या आणि तेही सुरू झाले.

गावात एकवीस स्वयंपाकघरांतले चमचे एकाच वेळी थांबले.

"वहिनी!" मधेच परास्कोव्या मागे वळली. "अगं, इथून डोंगर काय सुंदर दिसतात! इतकी वर्षं बसलीस, कधी बोलली नाहीस."

"मी काम करायला बसते, डोंगर बघायला नाही," अकिलिना म्हणाली. "आणि जरा तिकडे सरक. त्याचा कोपर तुझ्या टोपलीला लागतोय. अंडी फुटली तर ईस्टरला रंगवणार काय, तुझं डोकं?"

"माझं डोकं काढू नकोस हं! दादा होता तोवर ऐकून घेतलं."

"दादानंही तुझं ऐकूनच घेतलं बिचाऱ्यानं. दुसरं काही करायची सोयच ठेवली नव्हतीस."

मग अकिलिना जिथं थांबली होती तिथून पुन्हा मोजू लागली, आणि तिच्याबरोबर बाकीचे.

"चाळीस," वॉरेन म्हणाला. हँडल खट्कन थांबलं. "झालं."

"एकतीस," अकिलिना म्हणाली.

"चाळीस झाले, बाई."

"इनोकेंती, किती झाले?"

"एमा थांबल्या तेव्हा मीही थांबलो," इनोकेंती म्हणाला. "दुसरा बोलत असताना प्रार्थना पुढे रेटणं बरं नाही. एकतीस."

"एकतीस," कोळी म्हणाले. त्यांनी मोजलं नव्हतं. पण एमाच्या विरुद्ध जायचं आणि पुन्हा त्याच गावात राहायचं, हे त्यांना जमणार नव्हतं.

वॉरेनचा हंसिणीवरचा हा पहिलाच आठवडा होता. चारजण एक बोलायला लागले की माणूस स्वतःच्या बोटांवरही विश्वास ठेवत नाही. त्यानं बाजूच्या काचेतून चाक दिसतंय का पाहिलं. पण आतून सगळ्यांच्या श्वासानं आणि बाहेरून मिठानं काच पांढरी झाली होती. "पण हँडल पुढे जात नाही," तो म्हणाला. "म्हणजे चाकं वरच असणार ना?"

"अडकलंय. थंडीत अडकतं ते. टॉरवाल्डच्या वेळीही अडकायचं. थोडं मागे घ्यायचं आणि जोरात पुढे रेटायचं. सरक."

"बाई, नियम..."

तेवढ्यात खिंडीतल्या वाऱ्यानं हंसिणीला असा धक्का दिला की वॉरेनला दोन्ही हातांनी सुकाणू धरावं लागलं. अकिलिना गुडघ्यांवर रांगत दोन खुर्च्यांच्या मधे पोचली होती.

"वहिनी, तुझ्यानं व्हायचं नाही ते," परास्कोव्या म्हणाली.

"का नाही? एकशे पंचाहत्तर पौंड टाकते त्याच्यावर, बघू कसं फिरत नाही!"

हेही गावानं ऐकलं.

तिनं हँडल मागे घेतलं. ते फिरलं, आणि फिरतच राहिलं. "प्रभू, दया कर! प्रभू, दया कर!" नऊ फेरे, लोण्यासारखे. "झाले चाळीस! बघितलंस?" ती विजयानं म्हणाली आणि हाश्शहुश्श करत आपल्या जागी परतली. मागे घेऊन पुढे रेटायचं, यातलं फक्त मागे घेणं झालं होतं, हे भांडणाच्या भरात तिच्या ध्यानात आलं नाही.

गाव दिसलं. उतरण्याआधी गावावरून एक घिरटी घालायची पद्धत होती. वॉरेन खाली आला, आणि पाहतो तो सारं गाव किनाऱ्यावर. चर्चमधली माणसं, शाळेतली पोरं, पीठ लागलेल्या हातांच्या बायका, सगळी पाण्याच्या कडेला ओळीनं उभी.

"बघा," अकिलिना पुढच्या काचेतून बघत म्हणाली. "आजवर कुणाला घ्यायला एवढी माणसं आली होती का? हात हलवतायत."

"हलवत नाहीयेत गं," परास्कोव्यानं डोळे बारीक केले. "खिम्याचं यंत्र फिरवल्यासारखं करतायत. सगळ्यांचा एक हात गोल गोल फिरतोय."

खरंच, साठ-सत्तर माणसं जागच्या जागी उभी राहून हवेत हँडल फिरवत होती. बायका फिरवत होत्या, पोरं फिरवत होती, काठीवर टेकलेला एक म्हातारा मोकळ्या हातानं फिरवत होता. एकजात सगळी, एकाच दिशेनं, जीव तोडून.

वॉरेननं बाहीनं काच खसाखसा पुसली, झडप सरकवली आणि डोकं बाहेर काढलं. आत घेतलं तेव्हा चेहरा पिठासारखा झाला होता. चाक अर्धवट बाहेर लोंबत होतं. त्यानं झडप ओढून घेतली. हंसिणीला पुन्हा वर नेलं, आणि एका हातानं हँडल फिरवायला घेतलं.

एक. दोन. तीन. या वेळी भांडण नाही, मोजणंही नाही, प्रार्थनाही नाही. नवव्या फेऱ्याला खट् झालं.

अकिलिनानं तो आवाज ऐकला. तिला सगळं कळलं. अठरा वर्षं ती हा खट् ऐकत आली होती, आणि मघाशी तो आधीच झाला होता.

हंसीण उतरली. पोट पाण्याला लागलं, खिडक्यांवरून हिरवं पाणी धो धो गेलं, आतला उजेड क्षणभर समुद्राच्या तळासारखा झाला आणि मग लख्ख. अकिलिनाला हे फार आवडायचं. आज तिनं डोळे मिटून घेतले होते. चाकं खाली सोडून, अंग निथळत, हंसीण गोट्यांवरून किनाऱ्याला चढली आणि थांबली. परास्कोव्या खुर्चीतून उठली तोच रेडिओतून घोगरा आवाज फुटला: "हंसीण! हंसीण! कधीपासून ओरडतोय, बटण सोडा! साऱ्या बेटाला एमाचं वजन कळलंय!"

परास्कोव्यानं आपण कशावर बसलो होतो ते उचलून पाहिलं आणि गुपचूप आकड्याला अडकवून टाकलं.

अकिलिना खाली उतरली. सारं गाव समोर उभं. तिचं वजन माहीत असलेलं, तिची मोजणी माहीत असलेलं, आणि नणंदेशी ती कशी बोलते ते तर आधीपासूनच माहीत असलेलं गाव. कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं. ती पाठ ताठ करून चालू लागली, तर मागून वॉरेन उडी मारून खाली आला. या वेळी टोपी काढून हातात घेतलेली.

"माझी चूक झाली," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मोजताना मीच चुकलो. एमांनी सांगितलं नसतं तर काही खरं नव्हतं."

गाव समुद्राकडे बघू लागलं. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं. कानांनी ऐकलेलं इतक्या जणांनी इतक्या मुकाट्यानं गिळायची ती गावातली पहिलीच वेळ असेल.

अकिलिना वळली. तिनं त्याला टोपीपासून बुटांपर्यंत एकदा पाहून घेतलं.

"वॉरेन," ती म्हणाली, तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशीच, "तुझे चाळीस बरोबर होते, माझे एकतीस चूक. हँडल आजपासून तुझं. विमान तुला येतं, मोजायला येतं. खोटं बोलायला मात्र अजिबात येत नाही, आणि तेवढ्यावर या गावात तुझा निभाव लागायचा नाही. शिकायचं असेल तर मला शेजारी बसवत जा."