खळ लावलेलं विमान

"जावईबापू, आज उडलं तर उडलं. नाहीतर ते इंजिन उद्या माझ्या गिरणीला!"

एवढं बोलून पिठाच्या गिरणीवाले सासरे निघून गेले आणि सायकली दुरुस्त करणारे जावईबापू घाईनं पुन्हा विमानाला भिडले. त्या इंजिनापायी त्यांनी दुकान सोडून सगळं विकलं होतं, वर सासऱ्यांकडून उसने पैसेही घेतले होते. आणि त्या मुलखात तोवर माणूस हवेत दिसला होता तो फक्त झाडावरून पडताना!

विमान तसं तयार होतं, पण पंखांचं कापड ढगळ झालं होतं. ते शिवलं होतं त्यांच्या बायकोनं, म्हणजे गावच्या शिंपिणीनं. तिचा जन्म गेला वाढत्या अंगाच्या पोरांचे कपडे शिवण्यात. सवयीनं तिनं पंखांच्या शिवणीतही भरपूर दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवला.

"अगं, विमान काय पुढच्या वर्षी अंग धरणार आहे?"

"धरो न धरो. माझ्या हातून तोकडं शिवलं जात नाही."

मग कापड ताठ व्हावं म्हणून दोघांनी पंखांना आणि शेपटीला पिठाची खळ फासली, विमान माळावर उन्हात ठेवलं आणि दोघं जेवायला घरी गेली. पीठ अर्थातच सासऱ्यांच्या गिरणीतलं.

आता सासऱ्यांची गाय गिरणीत सांडलेल्या पिठावरच वाढलेली. तिला वास लागला. दोघं परत येऊन बघतात तर बाईसाहेब पंख चाटतायत आणि कापडाला हे एवढं भगदाड!

"झालं! बोंबला आता!" जावईबापू मटकन खाली बसले.

"बसताय काय? गाय बांधा आधी!" बायकोनं शिवण उसवली, दाबातलं कापड ओढून भोक बुजवलं आणि दातांनी दोरा तोडला. "कळलं, दाब कशाला ठेवतात ते?"

तोवर माळावर सगळं गाव लोटलं. इंजिन धडधडलं, विमान धावू लागलं. खरी अडचण मात्र फक्त बायकोला ठाऊक होती. दर वेळी चाकं उचलायला आली, की भीतीनं यांचा हात आपोआप वेग कमी करायचा.

आजही हात मागे येऊ लागला. तेवढ्यात लोकांचा एकच गलका झाला. त्यांनी वळून पाहिलं, तर दावं तोडून गाय विमानाच्या शेपटीमागे धावत येत होती! शेपटीवरची खळ अजून शिल्लक होती ना.

जावईबापूंनी डोळे गच्च मिटले आणि वेगाची कळ शेवटपर्यंत रेटली. डोळे उघडले तेव्हा गाय खाली होती. चांगलीच खाली, आणि मान वर करून बघत होती.

विमान माळाच्या टोकाला गवतात टेकलं. बायको पळत आली. ती रडत होती का हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "उडलात हो! खरंच उडलात!"

मागून गाईला घेऊन सासरे आले. त्यांनी बराच वेळ विमानाकडे पाहिलं, मग गाईकडे.

"इंजिन राहू दे तुमच्याकडेच," ते म्हणाले. "पण माझ्या गाईशिवाय हे उडायचं नाही. सगळ्या गावानं बघितलंय."

पुढच्या उड्डाणाला सासरे सकाळीच माळावर हजर होते. एका हातात गाईचं दावं, दुसऱ्या हातात खळीची बादली.

"शेपटीला मी लावतो," ते म्हणाले. "तुम्ही फार पातळ करता."