परिपत्रक क्रमांक सतरा आणि जपानी गाजर

जपानहून आलेलं एक खोकं सीमाशुल्क कार्यालयात अकरा दिवस पडून होतं, कारण त्यात काय आहे हे सगळ्यांना दिसत होतं. नुसत्या दिसण्यावर ते खातं चालत नाही. खोक्यात तयार अन्नाची चाळीस पाकिटं होती. पाकिटावर गाजराचं चित्र, आत गाजर. मात्र ते शिजवून, अगदी मऊ करून पुन्हा गाजराच्याच आकारात आणलेलं होतं, आणि जिभेने नुसतं दाबलं तरी विरघळायचं. असलं गाजर शुल्कपुस्तिकेत कुठेच नव्हतं.

ज्यांच्यासाठी ते मागवलं होतं ते रकानेसाहेब याच कार्यालयातून वर्गीकरण प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. खरं नाव वेगळं. पण जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसतेच, असं ते चौतीस वर्षं सांगत राहिले, म्हणून कार्यालयाने त्यांना हेच नाव ठेवलं. समुद्री शेवाळाचे जपानी ताव पहिल्यांदा आले तेव्हा ते कागद की भाजी, हा वाद त्यांनीच मिटवला. तावावर शाईने सही करून पाहिली, शाई फुटली, भाजी ठरली. नूडल्सच्या पाकिटातल्या मसाल्याच्या पुडीला वेगळा अर्ज भरायला लावणारेही तेच. त्या पुडीपायी दोन व्यापाऱ्यांनी धंदा गुंडाळला, पण पुडी योग्य रकान्यात गेली.

पाच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून ते सावरले, डोकं पूर्वीसारखंच तल्लख राहिलं, पण चावणं आणि गिळणं जमेना. तेव्हापासून घरातलं सगळं मिक्सरमधून फिरून त्यांच्यापुढे यायचं. भात असो, मासा असो, भाजी असो, वाटीत तीच एक राखाडी लापशी. सारा जन्म वस्तू ओळखण्यात घालवलेल्या माणसाला आपल्याच वाटीत काय आहे ते कळत नव्हतं, आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. लेकीने कुठूनशी ही पाकिटं शोधून मागवली, तेव्हापासून ते खोक्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

बाराव्या दिवशी लेक त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून कार्यालयात घेऊन गेली. वर्गीकरण अधिकारी बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. सरांना पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. दुसरा कुणी असता तर त्यांनी डोळेझाक केली असती. सरांच्या देखत नियम मोडायचा म्हणजे काय!

"सर, भाजीत घालता येत नाही. तुम्हीच शिकवलंत, भाजी मोडताना आवाज आला पाहिजे. औषध म्हणावं तर त्यावर मात्रा लिहिलेली नाही. 'विशेष आहार, इतर'मध्ये बसेल, पण त्याला आरोग्य खात्याचा परवाना लागतो. सात महिने."

"पाकिटांची मुदत सहा महिन्यांचीच आहे हो," लेक म्हणाली.

"मग ती 'नासका माल' होतील. त्या रकान्याला परवाना लागत नाही."

रकानेसाहेबांनी नकळत मान डोलावली. उत्तर बिनचूक होतं.

"दुसरं काहीच नाही का?" लेक रडकुंडीला आली.

"एक आहे. लहान मुलांचा आहार. शुल्क माफ, माल आजच्या आज ताब्यात. पण खाणारं लहान मूल हवं."

"परिपत्रक सतरा," रकानेसाहेब पुटपुटले. बाईंचा चेहरा उजळला.

परिपत्रक सतरा हे त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत देखणं काम. पूर्वी व्यापारी खोटे जन्मदाखले आणून बाळांच्या नावावर माल सोडवत. रकानेसाहेबांनी वयच काढून टाकलं. ज्याला चावता येत नाही आणि ज्याच्या उठण्याबसण्याचे निर्णय दुसरे घेतात, ते लहान मूल. पडताळणीला नऊ प्रश्न. सहा उत्तरं जुळली की पुरे.

बाईंनी प्रश्नावली काढली. "चावता येतं?"

"नाही," लेक म्हणाली.

"झोपायची वेळ कोण ठरवतं?"

रकानेसाहेबांनी तोंड उघडलं.

"मीच. जागरण झालं की दुसऱ्या दिवशी नुसती चिडचिड करतात."

"कपडे?"

"मी काढून ठेवते. नाहीतर काहीही घालून बसतील."

"टीव्हीवर काय बघायचं?"

"बातम्या बंद केल्यात. रक्तदाब वाढतो."

"पाहुणे आल्यावर?"

"थोडा वेळ बाहेर बसवते, मग आत नेते. तेच तेच सांगतात ना."

असं करत बाई नवव्या प्रश्नावर आल्या. "बोलताना मध्येच गप्प केलं जातं का?"

"अहो, त्या पानाच्या खाली एक तळटीप आहे," रकानेसाहेब म्हणाले.

"बाबा, थांबा जरा. मॅडम बोलतायत ना?"

बाईंनी नवव्या प्रश्नापुढेही खूण केली. "नऊपैकी नऊ!" त्या भारावून म्हणाल्या. "सर, खऱ्या बाळांनासुद्धा सातच्या वर मिळत नाहीत. ती रडून काहीतरी मनासारखं करून घेतातच."

संध्याकाळी रकानेसाहेबांनी गाजर खाल्लं. केशरी, लांबट, ताटात ओळखू येणारं गाजर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्याही आलं. पोरगी वाईट नव्हतीच, दमलेली होती.

पत्रं तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. सगळी खाती एकाच संगणकाला जोडलेली असल्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. निवृत्तिवेतन कार्यालयाने कळवलं, की लहान मुलाची चौतीस वर्षं सेवा होऊ शकत नाही, सबब वेतन थांबवण्यात येत आहे. आरोग्य केंद्राने गोवराच्या लशीला बोलावलं. वाचनालयाने त्यांचं कार्ड बालविभागात हलवून सोबत रंगखडू पाठवले.

रकानेसाहेबांनी सुवाच्य अक्षरात हरकत लिहिली. ती परत आली. अज्ञान व्यक्तीची सही चालत नाही, पालकाची घ्यावी. शेवटी त्यांनी बाईंनाच फोन लावायला सांगितला.

"सर, उपाय आहे," बाई म्हणाल्या. "नऊपैकी चार उत्तरं बदलली की तुम्ही मोठे. पाकिटं मात्र मग मिळायची नाहीत."

"लापशी चालेल मला," रकानेसाहेब लगेच म्हणाले. "आणि ती तळटीप? प्रश्न ज्याच्याबद्दल आहेत त्यालाच विचारावेत, असं मी स्वतः लिहिलंय."

"माहीत आहे सर. पण अज्ञान व्यक्तीने दाखवलेली तळटीप मला विचारात घेता येत नाही."

फोन ठेवून ते लेकीकडे वळले. तिच्या एका हातात इस्त्री होती.

"चारच गोष्टी दे मला, बाळा. कुठल्याही चार."

लेकीने इस्त्री उभी ठेवली. ती प्रामाणिक होती, खोटं लिहून द्यायला तयार नव्हती. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. झोप? नको, डॉक्टर ओरडतील. बातम्या? रक्तदाब. पाहुणे? छे. अंगठा पहिल्या बोटाच्या पुढे सरकेना.

"चार जास्त होतात हो, बाबा," ती शेवटी म्हणाली. तिला खरंच कसंतरी झालं. "कपडे घ्या. उद्यापासून कपडे तुम्ही ठरवायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपाटापाशी पोचले, तर खुर्चीवर निळा सदरा काढून ठेवलेला होता. सवयीने.

परिपत्रक सतरा आजही लागू आहे. प्रश्नावली एका पानाची असून कुठल्याही घराला चालते. वाचता वाचता तुम्हीही आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे गुण मनात मोजलेच असतील. तळटीप तुम्ही वाचलेली होती. ते शेजारच्या खोलीत जागेच होते. तरी उत्तरं तुम्हीच देऊन मोकळे झालात.