शेपटीतले तेरा किलो

विमानाच्या शेपटीचं झाकण उघडायचं नाही, हा निर्णय घेताना धनंजय कारखानीसला तो निर्णय वाटलासुद्धा नव्हता. चेकलिस्टमध्ये एकशे बारा कलमं होती. एकशे अकरा त्याने इमानदारीत तपासली. शेवटच्या कलमात लिहिलं होतं, ‘शेपटीचा आतला भाग पाहिला’. झाकणाला चोवीस स्क्रू, दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ऊन मी म्हणतंय, आणि झाकण तर त्यानेच लावलेलं. ‘मीच बंद केलंय, आत काय आहे ते मला माहीत नाही होय?’ असं स्वतःशीच म्हणत त्याने बरोबरची खूण केली आणि गार ताकाची बाटली उघडली.

हे दोन सीटचं विमान त्याने इंग्लंडात, लेस्टरला असताना गॅरेजमध्ये सहा वर्षं खपून स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. (शेजारचे लोक त्याला होडी समजत. सुरुवातीला धनंजय गैरसमज दूर करी, मग त्यानेही नाद सोडला.) पुढे दुबईत नोकरी लागली, तेव्हा पंख काढून विमान कंटेनरमध्ये गेलं, संसारही त्याच कंटेनरमध्ये गेला, आणि मंडळी डिस्कव्हरी गार्डन्सला येऊन राहिली. खाऱ्या हवेने विमानाची पार रया गेली. तिकडचा नोंदणी क्रमांक इकडे चालेना. मग चौदा महिने दर शनिवारी धनंजय तासभर गाडी हाणत जाई, गंज खरवडी, रंग देई, सीट्स शिवून घेई. शेपटी उचलताना कंबरेत चमक निघे, तर दोष तो कंबरेला देई.

अपर्णाला, म्हणजे त्याच्या बायकोला, या विमानात बसायचं नव्हतं. लेस्टरला असताना तिने थंडीचं कारण सांगितलं, इकडे उन्हाचं. दुसरी सीट धनंजयने तिच्यासाठीच बांधली होती, आणि त्या सीटवर आजवर फक्त हत्यारांची पेटी बसली होती. याचं त्याला मनापासून वाईट वाटे. शेवटी अपर्णाने तह केला.

"एकदा इन्स्पेक्शन होऊ दे. पास झालं तर पहिल्यांदा मी बसेन. डोळे मिटून, पण बसेन. फेल झालं तर विकायचं. खलास."

"इन्शाल्ला," धनंजय म्हणाला. (त्याला वाटलं, झालंच.)

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांचं नाव यहया. शांत माणूस, अंगात पांढरा शुभ्र पायघोळ कंदुरा, अस्खलित हिंदी. त्यांनी तीन चाकांखाली तीन वजनकाटे लावले, बेरीज केली, पुन्हा केली.

"धनंजय भाई, कागज पे दो सौ अठासी किलो. इधर तीन सौ एक."

"पेंट होगा, सर."

"तेरह किलो पेंट? ये प्लेन है या शिप?"

"मी म्हटलं होतं, एकच कोट पुरे," अपर्णा म्हणाली. निकाल ऐकायला ती मुद्दाम आली होती. सोबत मुलगी अस्मी होती, ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग."

"और सब वजन पीछे है," यहया म्हणाले. "ऐसा उड़ेगा तो पहले नाक ऊपर, फिर पूरा प्लेन नीचे." त्यांनी चेकलिस्टचं शेवटचं पान काढलं. "टेल पे टिक है. अंदर देखा आपने?"

"सर, मैंने खुद बंद किया है."

"वो नहीं पूछा मैंने."

तेवढ्यात अपर्णाचा फोन वाजला. सांगलीहून प्रभावतीबाईंचा, धनंजयच्या आईचा, शनिवारचा व्हिडिओ कॉल.

"झालं का गं पास?"

"नाही हो आई. शेपटीत तेरा किलो जास्त भरतंय."

"भरणारच. खलबत्ता आहे ना त्यात!"

धनंजयने फोन हिसकावला.

"आई! कुठला खलबत्ता?"

"आपला लोखंडी. आणि पुरणयंत्र. कंटेनर भरत होते तेव्हा मी लेस्टरलाच होते ना. तू चहाला गेलास, तेव्हा घातलं. नऊवारीत गच्च गुंडाळून, म्हणजे वाजायला नको. मग तूच शीळ घालत आलास आणि झाकण लावलंस."

"अगं, पण विमानात?"

"पोकळ होतं की! साधा डबासुद्धा मी कुणाला रिकामा परत दिला नाही जन्मात. एवढं मोठं धूड रिकामं पाठवू? आणि तीन वर्षं मी विचारतेय, खलबत्ता पोचला का, तर तू म्हणतोस, सामानवाल्यांनी हरवला."

(त्या सामानवाल्यांना धनंजयने अकरा कडक ईमेल पाठवले होते. बिचाऱ्यांनी लेखी माफीही मागितली होती.)

चोवीस स्क्रू निघाले. हिरव्या नऊवारीचं गाठोडं निघालं, त्यातून खल, बत्ता आणि पितळी पुरणयंत्र. सगळं त्याच काट्यावर ठेवलं. बरोबर तेरा किलो. विमान पुन्हा दोनशे अठ्ठ्याऐंशी.

"सर, टिक गलत थी," धनंजय मान खाली घालून म्हणाला. "मैंने नहीं देखा."

यहयांनी खलबत्ता उचलून पाहिला. "मेरी माँ मेरे सूटकेस में खजूर डालती है. पाँच किलो. बोलती भी नहीं." मग त्यांनी चेकलिस्ट धनंजयच्या हातात दिली. "यल्ला, चलो. एक से एक सौ बारह. फिर से. मेरे सामने."

संध्याकाळचे पाच वाजले. एकशे बारावी खूण झाली आणि यहयांनी सही ठोकली. पास! धनंजयने अपर्णाकडे असं पाहिलं, की लग्नातसुद्धा पाहिलं नसेल. अपर्णा घाबरली होती, पण हसली.

"एक मिनट," यहया म्हणाले. "पायलट का वजन, बहत्तर किलो?"

हा आकडा धनंजयने लेस्टरच्या कागदांवरून जसाच्या तसा उतरवला होता. यहयांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काँटा अभी इधर ही है, हबीबी."

धनंजय काट्यावर चढला. निकाल कळवायला आईला पुन्हा लावलेल्या फोनमधून आवाज आला, "किती रे?"

"चौऱ्याण्णव," अस्मीने मराठीत सांगितलं. (पहिल्यांदाच.)

"आई, त्यात खलबत्ता धरलाय," धनंजय घाईघाईने म्हणाला.

"खलबत्ता माझ्या हातात आहे," मागून अपर्णा म्हणाली.

यहयांनी हिशोब मांडला. विमान नोंदलं जाईल, पण धनंजय आणि मॅडम एकत्र बसले तर वजन मर्यादेबाहेर. धनंजय एकटा, नाहीतर मॅडम दुसऱ्या कुणा हलक्या पायलटबरोबर.

अपर्णा शब्दाची पक्की. महिन्याभरात नवा क्रमांक आला, फ्लाइंग क्लबातल्या काटकुळ्या अनिलने नियमाप्रमाणे चाचणीचे तास एकट्याने उडवून घेतले, आणि मग शेजारच्या सीटवर अपर्णा बसली. धनंजय धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. विमान सुटलं, शेपटी अलगद उचलली गेली, आणि त्याचे डोळे भरून आले. सहा वर्षांचं स्वप्न उडत होतं आणि आपण खाली, याचं त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

"बाबा, डोन्ट क्राय."

"वाळू गेली गं डोळ्यात."

वीस मिनिटांनी अपर्णा उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल. डोळे तिने एकदाही मिटले नव्हते.

"कसं वाटलं?" धनंजयने विचारलं.

"काय सांगू तुला! खाडी, घरं, गाड्या, वरून सगळं एवढं एवढंसं दिसतं रे. काही म्हणून ओळखू येत नाही." तिने प्रेमाने त्याच्या पोटावर थोपटलं. "तू तेवढा बरोबर ओळखू आलास."