देवरावकाकांचा शटरचा दिवा

दिवा लाल, आन परी घरात न्हाई. हाताला पीठ तसंच, मी पळाले. आमच्या अंगणातून हायवेला जायची वाट एकच, देवरावकाकांच्या शेडातून. त्या शेडाचं शटर उघडं असलं की माझ्या गॅसच्या वरचा दिवा लाल होतो. शटराच्या पल्याड ट्रकच ट्रक. आन माझी परी दीड वर्साची.

दिवा काकांनीच बनवलाय. काका आमचे घरमालक. वडीगोद्रीहून जालन्याला काळीपिवळी जीप चालवायचे. आता एकटेच असतेत. जीप शेडात इटांवर उभी हाय, टायर बी न्हाईत. तरी शटर उघडं तर न्हाई ऱ्हायलं, हाच घोर. जेवता जेवता उठून बघून यायचे. मंग एक दिवस फुटक्या स्पीकरातलं चुंबक काढलं, शटरला चिकटवलं. चौकटीला काचेचा बारका स्विच, तिथून वायर, वायरीला त्यांच्या घरात लाल दिवा. शटर खाली आलं की चुंबक स्विचापाशी येतं, दिवा विझतो. शटर वर गेलं की पेटतो.

लाइट गेली की बी दिवा विझायचा. काका म्हणले, "खोटं बोलून राह्यला हा." मंग त्याला फटफटीची बॅटरी जोडली.

मी एकदा म्हणले, "काका, ही जीप चोरतंय कोण?"

"टायर न्हाईत हे चोराला आत आल्यावर कळंल. तोवर शटर वाकलं ना माझं."

परी चालायला लागली त्याच आठवड्यात त्यांनी वायर वाढवून दुसरा दिवा माझ्या घरात लावला. तवापासून शटरसमोर उभं राहून मलाच फोन.

"पोरी, दिवा काय म्हणतो?"

"काका, शटर तुमच्या नाकापुढं हाय ना?"

"माझ्या डोळ्याला चष्मा लागलाय. दिव्याला न्हाई."

"विझलाय, काका."

"मंग बिलकुल बराबर."

असा माणूस शटर उघडं टाकून गेला कुठं? पळता पळता मी त्यांना काय काय शिव्या दिल्या, त्या सांगत न्हाई.

मागच्या दारानं आत शिरले. शटर पुरं वर. ऊन आत आल्तं, उन्हात बारीक धूळ तरंगत होती, कुठूनतरी मोसंबीच्या फुलांचा वास. काका उंबऱ्यात आडवे बसलेले, रस्त्याकडं पाठ, पाय लांब करून सगळं दार अडवलेलं. त्यांनी व्हटावर बोट ठेवलं.

जीपच्या मधल्या शीटवर परी. गाढ झोपलेली, गाल शीटला चिकटलेला.

"गाडी पुसून राह्यल्तो," काका हळूच म्हणले. "आली, चढली, झोपली. शटर वढलं तर खडखड व्हतंय. उठली असती."

मी बी हळूच म्हणले, "फोन तरी लावायचा, काका. जीव गेल्ता माझा."

"फोनवर बोलावं लागलं असतं."

ट्रक गेला की त्यांची पाठ हलायची. कवापासून बसले व्हते कोण जाणे, पायाला मुंग्या आल्त्या, हातानं चोळत होते. मी परीला उचलायला वाकले, तर ते हातच जोडायला लागले.

"थांब जरा, पोरी. लई वर्सांनी सवारी बसलीय गाडीत. उतरायचं ठिकाण आलं न्हाई तिचं अजून."

एक हात परीच्या खाली गेल्ता, दुसरा तसाच हवेत. तुम्ही काय केलं असतं? उचललं असतं का तिला?